गव्हर्नरबाई आणि माझ्या नऊ बिया

नाझनीन, हातातलं काम ठेव बाजूला आणि फोन नीट कानाशी धर. स्पीकरवर ओरडून सांगण्यासारखं हे नाही. जेद्दाला येऊन तुला आठ महिने झाले, विमानाने दीड तासाचा रस्ता, आणि खालाच्या, आईच्या सख्ख्या बहिणीच्या, घराचा उंबरा काही तू अजून ओलांडला नाहीस. ते असू दे. पण गावी आईला पोचवायची म्हणून परवा तू माझ्याकडे जी पिशवी धाडलीस, तिला गाठ कशी मारलीस गं? एक नाही, तीन गाठी, आणि वर चिकटपट्टी. दारात ती पिशवी बघून मला घामच फुटला. गव्हर्नर असती तर आल्या पावली परत पाठवली असती. आता तू विचारशील, खाला, ही कोण गव्हर्नर? तेच सांगायला बसले आहे. तुझ्या आईने तुला यातलं अक्षर सांगितलेलं नसणार, कारण यात थोडी लाज तिची आहे आणि बरीचशी माझी.

गव्हर्नर पिशवीचं वजन दोन बोटांवर करायची. पिशवीच्या बंदात दोन बोटं घालायची, उचलायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, ‘दोन किलो तीनशे. वरचे तीनशे काढ.’ पहिल्यांदा मी हसले होते. घरचा वजनकाटा आणून ठेवला समोर. काट्याने दोन किलो तीनशेच दाखवलं. तेव्हापासून ती बाई माझ्या डोळ्यांत खुपायला लागली. मी तिच्याआधी नऊ वर्षं रियाधला आलेली. बत्ह्याच्या बाजारातला कोपरा न् कोपरा मला पाठ, तुझे खालूजान, आमचे हे, तिथे दुकानात उभे राहून म्हातारे झाले, आणि कऱ्हाडहून काल आलेल्या बाईच्या बोटांत वजनकाटा!

आपल्या बायकांची इथली रीत तुला ठाऊक नाही, म्हणून सांगते. आम्ही इथे तीसेक मराठी घरं. कोणी दापोलीचं, कोणी जळगावचं, कोणी पुण्याचं. जी बाई गावी निघेल तिने आपल्या सामानातले पाच-सात किलो बाकीच्यांसाठी मोकळे ठेवायचे. कोणाच्या आईचं गुडघ्याचं तेल, कोणाच्या भाचीचा फ्रॉक, मदिनेची खजूर. परत येताना तिकडून गोडा मसाला, कोकम, पोरांची मराठीची पुस्तकं. पण किलो सात आणि मागणाऱ्या तीस. मग कोणाची पिशवी जाईल आणि कोणाची थांबेल हे ठरवणारी एक बाई लागते. ती गव्हर्नर. कागद नाही, वही नाही, सगळं तिच्या डोक्यात. ‘गेल्या खेपेला तुझं लोणचं गेलं, या खेपेला हिच्या वडिलांचा चष्मा.’ झालं, निकाल लागला.

नाव तिला इमारतीच्या हारिसमुळे पडलं. हारिस म्हणजे इथला रखवालदार, आमचा सुदानी होता. ती जिन्यावरून उतरली की तो खुर्चीतून उठून ‘मुदीरा, मुदीरा’ करायचा. मुदीरा म्हणजे मोठी अधिकारीण. सांगलीची प्रिया म्हणाली, ‘मुदीरा कसली, ही तर राज्याची गव्हर्नरच.’ ते चिकटलं. एवढ्या वर्षांत माझ्यासाठी तो हारिस एकदाही उठला नाही. मी त्याला दर ईदला शीरखुर्मा पाठवायची, हे आपलं जाता जाता सांगितलं.

तिचा नियम एकच. ‘गाठ नंतर, आधी तोंड दाखव.’ हे पिशवीला उद्देशून. तिच्या दिवाणखान्यात दाराशी एक स्टूल होतं. सोफा सोडून ती त्या स्टुलावर बसायची आणि पिशवी मालकिणीच्या समोर उघडायची. मालकीण नसेल तर हात लावायची नाही. डबा असेल तर झाकण, पुडी असेल तर दोरा, सगळं सोडायचं. हुंगायचं, बोटाने ढवळायचं. तिकडून येणारं सामान असेल तर गावातून निघण्याआधी ती पाठवणारीला व्हिडिओवर फोन लावायची. मग बिचारी सासू नाहीतर आई चुलीपुढे बसून एकेक वस्तू फोनसमोर धरायची. कोणी कुरकुर केली की म्हणायची, ‘पिशवी तुझी आहे गं, पण मान जाणारीची आहे.’

बायका चिडायच्या, हे खरं. एकदा तीस जणींच्या देखत तिने प्रियाच्या पिशवीतून केसांच्या कलपाची बाटली वर काढली आणि म्हणाली, ‘हे कोणासाठी? जाऊबाईंसाठी? बरं बरं. तुझे केस तर उपजतच काळे, नाही का?’ सगळ्या हसल्या, प्रियाचे कान लाल झाले. मीही हसले. पण मनात म्हटलं, रशिदा, हिची जागा घ्यायची तर ही वेळ चांगली आहे.

तिच्यापुढे माझं कधी काही चाललंच नाही, त्याचं काय करू? जळगावच्या वहिनींची आई अचानक गेली तेव्हा मी मोठ्ठा टोप भरून बिर्याणी घेऊन धावले. सगळ्या गळ्यात पडून रडत होत्या. गव्हर्नर आत खोलीत वहिनींची बॅग भरत होती. पासपोर्ट वरच्या कप्प्यात, पोरीचं खोकल्याचं औषध बाजूला, रडून डोळे सुजतात म्हणून थंड पाण्याचा रुमाल पिशवीत. वहिनी परत आल्या त्या आजतागायत त्या रुमालाचं सांगतात. बिर्याणीचं नाव कोणी काढत नाही. माझ्या घरी येऊन तिने तांदळाची भाकरी आणि सुकट खाल्ली, चांगल्या तीन भाकऱ्या, आणि काय म्हणाली? ‘बरं आहे.’ कौतुकाचा तिचा तेवढा एकच शब्द. तुझे खालूजान मात्र तिच्या हातचा चहा पिऊन आले की दोन दिवस त्या चहाबद्दल बोलायचे. तीस वर्षं माझा चहा पितायत, कधी ब्र नाही.

दर तीन वर्षांनी, नोव्हेंबरात हवा गार झाली की आम्ही शहराबाहेर इस्तराहा घ्यायचो. हिरवळ, एक दिवाणखाना, एक विहिरीएवढा पोहायचा हौद, असं भाड्याने मिळतं इथे. तिथे जेवण झालं की निवडणूक. निवडणूक म्हणायची एवढंच. चिठ्ठ्या नाहीत. परक्या मुलखात कशाला कागदावर काही लिहा, असं जुन्या बायकांनी ठरवलेलं. कापडाने झाकलेला स्टीलचा डबा ठेवायचा, प्रत्येकीने एक खजूर खायची आणि बी डब्यात टाकायची. सगळ्या बिया गव्हर्नरच्या, कारण समोर कोणी नसायचंच. बारा वर्षं असं चाललं. तेराव्या वर्षाला मी दुसरा डबा मागितला.

सगळ्या बघतच राहिल्या. गव्हर्नर म्हणाली, ‘बरं आहे. रशिदाभाभींच्या डब्याला हिरवी फीत बांधा, माझ्याला लाल. पंधरा दिवसांनी बसू.’ चेहऱ्यावर एक रेघ हलली असेल तर शपथ.

त्या पंधरा दिवसांत मी काय केलं म्हणून सांगू! घरोघर सांदण पोचवलं. तांदळाचा रवा, नारळाचा रस, आपल्या पद्धतीचं, वर केशर. आणि प्रत्येक घरात एकच वाक्य: ‘मी गव्हर्नर झाले की कोणाची पिशवी उघडणार नाही. तिकडे मारलेली गाठ इकडे तशीच पोचेल. आपण काय चोर आहोत?’ बायका माना डोलवायच्या, सांदण खायच्या, आणखी मागायच्या. मी मनात आकडा धरला होता, वीस तर कुठे गेले नाहीत.

त्याच दिवसांत अमेरिकेतून तुझ्या थोरल्या भावाचा, माझ्या इम्तियाजचा, फोन आला. तो म्हणाला, ‘अम्मी, गंमत बघ, आमच्या राज्यातही याच महिन्यात गव्हर्नरची निवडणूक आहे.’

मी म्हटलं, ‘कोण येणार?’

‘जुनाच येणार. लोकांना त्याची सवय झालीय.’

‘सवय झाली म्हणजे काय? नवा माणूस काय वाईट असतो?’

‘अम्मी, तू का चिडतेस? तुला त्या नव्याचं नाव तरी ठाऊक आहे का?’

मी फोन ठेवून दिला. त्या नव्या माणसाचं मला मनापासून वाईट वाटलं.

आणि त्याच दिवसांत आमच्या घरात बाळ आलं. धाकटी सून बाळंत झाली, आमची आयेशा जन्मली. तुझ्या आईला, हलिमाला, मी श्रीवर्धनला फोन केला. म्हटलं, बाळंतिणीचे लाडू कर, डिंकाचे. प्रिया दिवाळीसाठी गेलीय, ती घेऊन येईल. आणि वर काय सांगितलं, ऐक. ‘पिशवीला चांगली घट्ट गाठ मार. प्रिया आपल्या बाजूची आहे. कोणी उघडणार नाही.’ हे मी सांगितलं. मीच.

निवडणुकीच्या दिवशी एकतीस जणी होत्या. एकेक बाई पडद्यामागे जायची, खजूर खायची, बी टाकून तोंड पुसत बाहेर यायची. बाहेर आल्यावर माझ्याकडे बघून हसायची. चौदा जणींनी तर माझ्या कानात सांगितलं, ‘खाला, हिरव्या डब्यात हं.’ मोजल्या तेव्हा लाल डब्यात बावीस बिया, हिरव्यात नऊ. त्यातली एक माझी स्वतःची. माझं सांदण खाल्लं आणि बी तिच्या डब्यात टाकली! मला ते सांदण परत मागावंसं वाटलं, अल्ला माफ करो.

टाळ्या झाल्या. गव्हर्नरने भाषण केलं, म्हणजे दोन वाक्यं. ‘बरं आहे. आता येत्या गुरुवारी कोण निघतंय?’ आणि सगळ्या तिच्याभोवती जमल्या, जसं काही झालंच नव्हतं. मी हिरवी फीत सोडून पर्समध्ये टाकली आणि पोरांना हौदाजवळून हाकलायच्या निमित्ताने बाहेर जाऊन बसले. गाडीत इम्तियाजचा मेसेज वाचला: ‘अम्मी, जुनाच आला.’ मी लिहिलं: ‘इकडेही.’

चार दिवस मी कोणाचा फोन घेतला नाही. लाडू मात्र येऊन पडले होते, प्रियाने निवडणुकीआधीच आणून दिले होते, आणि सून रोज सकाळी एक खात होती. पाचव्या दिवशी तुझ्या आईचा फोन आला.

‘बुबू, लाडू कसे झाले? खसखस नाही म्हणून जरा कोरडे लागत असतील.’

मी म्हटलं, ‘खसखस का नाही?’

‘तुमच्या त्या बाईंनी काढायला लावली ना!’

नाझनीन, तू या देशात नवी आहेस म्हणून हे नीट ऐकून ठेव. आपल्याकडे खसखस वाटीने मिळते, मसाल्यात घालतो, लाडवात घालतो. इथे ती अफूची बी. विमानतळावर चिमूटभर सापडली तरी माणूस आत जातो, मग कोणी वाली नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तीस वर्षं मी रश्शाला काजू वाटून घालते ते कशासाठी? पण लाडू गावातले, बहीण माझी, गाठ तिची. माझ्या डोक्यात आलंच नाही, आणि हलिमाच्या डोक्यात यायचं कारण नव्हतं.

मग हलिमाने जीभ चावत चावत सांगितलं, झालं होतं ते असं. प्रिया माझ्या बाजूची खरी, पण निघायच्या आधी सवयीने तिने गव्हर्नरला कळवलं की कोणाकोणाच्या पिशव्या आणतेय. गव्हर्नरने लगेच श्रीवर्धनला फोन लावला. तुझी आई म्हणाली, गाठ मारून झालीय. ही म्हणाली, सोडा. एकेक लाडू फोनसमोर धरायला लावला, मग म्हणाली, ‘आपा, एक फोडा.’ फोडला तर आत बारीक ठिपके. बाई म्हणाली, ‘आपा, हे पोरांना खाऊ द्या तिकडे. उद्या दुसरे करा, खसखशीशिवाय. एसटीने पाठवा, प्रिया दोन दिवस थांबेल, मी सांगते तिला.’ आणि शेवटी म्हणाली, ‘रशिदाभाभींना काही बोलू नका. घरात बाळंतीण आहे, धसका घेतील.’

मी डब्यातला एक लाडू काढून फोडून बघितला. प्रियाची पोरगी पाच वर्षांची, तिचा हात धरून ती विमानतळावर उतरली होती. माझी पिशवी घेऊन. मला ते चित्र पुढे बघवेना.

आणि मी त्या पंधरा दिवसांत सांदणाच्या ताटल्या घेऊन घरोघर काय सांगत फिरत होते? गाठ तशीच पोचेल! गव्हर्नरने एक शब्द काढला असता, फक्त ‘खसखस’, तर हिरव्या डब्यात माझी एकटीची बी उरली असती. तिने काढला नाही. प्रियालासुद्धा सांगितलं नाही.

मी पदर सावरून तिच्या घरी गेले. ती स्टुलावर बसून कोणाची तरी हळद हुंगत होती. मी म्हटलं, ‘ताई, तुम्ही बोलला का नाहीत? निदान मला तरी?’

तिने माझ्याकडे बघितलं. हळदीची पुडी बांधली. म्हणाली, ‘सुनेला दूध पुरतंय ना?’

मी म्हटलं, ‘पुरतंय.’

‘बरं आहे. चहा घेणार?’

मी चहा घेतला. चांगला होता गं, काय सांगू, तुझे खालूजान खोटं बोलत नव्हते. घरी येताना जिन्यावर मला रडू आलं, आणि ते पस्तावल्याचं होतं तेवढंच जळफळाटाचंही होतं. चूक मी करायची आणि मोठेपण तिने घ्यायचं, तेही न घेतल्यासारखं करून! तिने मला चार शब्द सुनावले असते तर मी तिला माफ केलं असतं. दुसऱ्या दिवशी मी प्रियाला बोलावून सगळं सांगितलं. तिने पोरीला मांडीवर ओढून घेतलं. मग म्हणाली, ‘खाला, मी बी हिरव्यातच टाकली होती.’ तिच्यावर मी विश्वास ठेवते. उरलेल्या तेराजणींचं अल्लाला ठाऊक.

मागल्या वर्षी गव्हर्नरच्या नवऱ्याची नोकरी संपली आणि त्यांचा खुरूज निघाला. खुरूज म्हणजे कायमचं जाणं. निघायच्या आदल्या दुपारी ती माझ्या दारात उभी, हातात तिची स्वतःची बॅग, उघडी.

‘भाभी, माझी तपासा.’

‘तुमची? तुमची काय तपासायची?’

‘नियम आहे ना? तोंड आधी, गाठ नंतर.’

मी तिला सोफ्यावर बसवलं आणि स्वतः खाली बसून बॅग बघितली. सहा साड्या. रक्तदाब मोजायचं यंत्र. आणि बाकी सगळ्या पिशव्या. कापडी पिशव्या, धुऊन, इस्त्री करून, घडी घातलेल्या. इतक्या वर्षांत तिकडून ज्या पिशव्यांतून सामान आलं, त्यातल्या राहून गेलेल्या, प्रत्येकीवर शाईने कोणाच्या तरी आईचं नाव. मी म्हटलं, ‘हे काय?’ तर म्हणाली, ‘चांगल्या कापडाच्या आहेत. ज्याच्या त्याच्या घरी पोचवीन म्हणते. नुसते चेहरेच बघितलेत ना फोनवर.’ त्यात लाल फुलांची एक होती, त्यावर ‘हलिमा, श्रीवर्धन’.

मी बंदात दोन बोटं घातली, बॅग उचलली, डोळे मिटले. ‘तेवीस किलो.’ ती म्हणाली, ‘साडेतेवीस. पण बरं आहे.’

संध्याकाळी निरोपाला तीसही जणी आल्या. कोणीतरी विचारलं, आता पिशव्यांचं काय? गव्हर्नर चपला घालता घालता म्हणाली, ‘भाभी बघतील.’ सगळ्या म्हणाल्या, हो हो, खालाच बघतील. संपली निवडणूक. ना खजूर, ना डबा. ज्यांनी मला नऊ बिया दिल्या त्यांनी तिच्या दोन शब्दांवर सगळं राज्य माझ्या हातात दिलं. म्हणजे जे मला मागून मिळालं नाही, ते तिने जाता जाता दिलं. याचाही मला राग आहे, आणि तो मी सोडणार नाही.

त्यानंतर महिन्याभराने तुझ्या आईने फोटो पाठवला. आपल्या पडवीत गव्हर्नर पाटावर बसलीय, पुढ्यात तांदळाची भाकरी, शेजारी लाल फुलांची पिशवी. खाली तुझ्या आईने लिहिलं होतं, ‘ताई फार छान आहेत, चार भाकऱ्या खाल्ल्या.’ माझ्याकडे तीन! माझ्या सख्ख्या बहिणीकडे मी सहा वर्षांत जेवले नाही, आणि ही जाऊन चार भाकऱ्या खाऊन आली. मी तो फोटो पुसून टाकला. मग दुसऱ्या दिवशी तुझ्या आईकडून परत मागवला.

आता तिचं स्टूल माझ्या दाराशी आहे. बायका पिशव्या घेऊन येतात, मी झाकणं उघडते, हुंगते, आणि त्या आपसांत म्हणतात, ‘गव्हर्नर असत्या तर एव्हाना झालं असतं.’ मला ऐकू येतं, कान चांगले आहेत माझे. वजन अजून शंभर-दीडशे ग्रॅमने चुकतं. चुकलं की मी काटा लपवते.

तर पोरी, तुझी ती तीन गाठींची पिशवी स्टुलावर आहे. मी हात लावलेला नाही. मालकिणीच्या पाठीमागे पिशवी उघडायची नाही, हा नियम तिने कधी मोडला नाही, मग मी कशी मोडेन? आणि न उघडता तर ती माझ्या घरातून हलणार नाही, आत काय असायचं ते असो. जळगावच्या वहिनी पुढच्या शुक्रवारी निघताहेत, मी त्यांच्या सामानात तुझ्यासाठी दोन किलो राखून ठेवलेत. त्याच्या आधी ये. विमानाने ये, बसने ये, नवऱ्याला सांग गाडी काढायला. आयेशा आता दुडूदुडू धावते, ते बघ. भाकऱ्या मी गरम घालीन, आणि चारच्या खाली उठू देणार नाही. ये गं लवकर, तुझी गाठ तुझ्या हाताने सोडायला.